गिरीजच्या वाडीतला चकवा

धाकटा भाऊ फिनलंडला नोकरीला होता. दोन हजारनंतरच्या एका हिवाळ्यात तो तिथल्याच एका मुलीला घेऊन वसईजवळ गिरीजला, आमच्या घरी आला. लग्न करायचं त्यांचं ठरलंच होतं, आम्हाला फक्त भेटवायला आणली होती. बाबा तिच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचे. आई मात्र पानात वाढायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. मी तेव्हा उमेळ्याला राहत होते. मधे बोलायला कुणीतरी हवं म्हणून मला माहेरी बोलावून घेतलं होतं.

एका दुपारी भाऊ काही कामासाठी वसईला गेला आणि ती एकटीच वाडीत फिरायला निघाली. चहाची वेळ टळून गेली तरी पत्ता नाही. मोबाइल खोलीतच पडलेला. मी आणि आई शोधायला बाहेर पडलो. आमच्याकडे वाडीला वाडी लागून. कुंपणं नावालाच. जिकडे बघावं तिकडे केळी, नारळ आणि पाटाचं पाणी. नवख्या माणसाला काही कळत नाही.

उन्हं कलली तेव्हा ती बऱ्याच लांबच्या एका विहिरीपाशी दिसली. कुर्ता उलटा घातलेला, शिवणी बाहेर. माझ्या नको ते मनात आलं.

"कोणी काही केलं का तुला?" मी विचारलं.

ती ओशाळली. "नाही, नाही. कुठूनही चालले तरी याच विहिरीपाशी येत होते. मग आजीनं सांगितलेलं आठवलं."

तिची आजी जंगलाच्या कडेला राहायची. तिकडे म्हणे रान कधीकधी माणसावर पांघरूण घालतं. मग ओळखीची वाटसुद्धा अनोळखी वाटते, पाखरं गप्प होतात, शोधणारे शेजारून गेले तरी त्यांना आपण दिसत नाही. चरायला सोडलेली गाय अशीच नाहीशी होते. जमिनीखाली छोटी माणसं राहतात आणि त्यांच्या जगात सगळं उलटं असतं. म्हणून आपणही अंगावरचे कपडे उलटे करायचे, की रान सोडून देतं.

"माझा विश्वास नाही," ती म्हणाली, "पण भीती वाटली. आणि इथे बघायला कोणी नव्हतं."

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. आईला जराही नवल वाटलं नाही.

"चकवा लागला म्हण की! विचार तिला, घाम फुटला होता का?"

फुटला होता. आईनं तिचा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. वाटेत आई स्वतःची गोष्ट सांगत राहिली. लहानपणी गास गावच्या शेतातून मावशीबरोबर येताना दोघी एकाच बांधाभोवती फिरत राहिल्या होत्या. शेवटी मावशीनं तिला खाली बसवलं. चकव्यात चालत राहायचं नसतं, असं ती म्हणाली होती. मी एकीचं दुसरीला सांगून दमले.

संध्याकाळी ओट्यावर आईचे प्रश्न सुरू झाले. तिकडे वाघ असतो का? वाघ नसतो, पण लांडगे असतात, अस्वलं असतात. अस्वलाचं नाव मात्र जुने लोक जंगलात घेत नसत. 'मधाचा पंजा' म्हणत.

"बरोबरच आहे," आई म्हणाली. "आपण नाही का सापाला दिवेलागणीनंतर जनावर म्हणत? नाव घेतलं की येतो."

तेवढ्यात भाऊ आला. दोघींना शेजारी शेजारी बसलेलं बघून अंगणातच थबकला.

"काय चाललंय?"

"थांब जरा," आई म्हणाली, "अस्वलाचं चाललंय."

लग्न मे महिन्यात आमच्याच अंगणात झालं. आईला इंग्रजी कधी आलं नाही, वहिनीच हळूहळू मराठी शिकली. पुढे एका उन्हाळ्यात आई तिकडे राहून आली. शेजारणी विचारायच्या, कसा आहे देश? चांगला आहे, आई सांगायची, पण रात्री अंधारच पडत नाही, माणसानं झोपायचं कधी?