डब्यात राखलेली गोळी

आई भांडुपच्या एका अंगणवाडीत सेविका होती. जंताच्या गोळ्या वाटायचा दिवस आला की ती पोरांना ओळीत बसवायची. आधी स्वतः एक गोळी तोंडात टाकायची, कडाकडा चावायची आणि 'आ' करून रिकामं तोंड सगळ्यांना दाखवायची. मग पोरांची पाळी. गोळी हातात देऊन घरी पाठवायची नाही, समोर चावून खायला लावायची. आणि आजारी पोराला तर त्या दिवशी द्यायचीच नाही. मी कॉलेजात असताना एकदा तिच्या मदतीला गेले होते, तेव्हा ताप असलेल्या एका मुलीनं त्या गोड गोळीसाठी भोकाड पसरलं होतं. आई बधली नाही. तिनं त्या मुलीच्या देखत एक गोळी कागदात बांधली, स्टीलच्या डब्यात ठेवली आणि सांगितलं, "ही तुझी. बरी झालीस की ये." मुलगी काही दिवसांनी आली आणि थेट डब्यासमोर जाऊन उभी राहिली.

त्या गोळीचं मला कधी काही अप्रूप वाटलं नव्हतं. आमच्या घरात जंत हा चेष्टेचा विषय. मी जास्त जेवले की बाबा म्हणायचे, हिला वावडिंग द्या, हिच्या पोटात दुसरं कुणीतरी जेवतंय.

पुढे मी घाटकोपरच्या एका प्रयोगशाळेत लागले. कॅन्सरच्या पेशी प्लास्टिकच्या छोट्या ताटल्यांत वाढवायच्या, त्यांना वेळेवर खाऊ घालायचं, मग त्यांच्यावर औषध टाकून काय होतं ते बघायचं, हे माझं काम. एके दिवशी आमच्या मॅडम म्हणाल्या, आता दुसऱ्या रोगांवरची जुनी औषधं या पेशींवर तपासून बघू. पहिलंच हातात आलं ते जंताचं. मी मनात म्हटलं, झालं, एवढंच राहिलं होतं.

पेशी दुभंगायच्या आधी तिच्या आत बारीक धागे ताणले जातात. ते रंगवले की सूक्ष्मदर्शकातून हिरवे दिसतात. त्या धाग्यांनी ओढून पेशी आपल्या आतला ऐवज दोन बाजूंना सारखा वाटते आणि एकीच्या दोन होतात. कॅन्सरच्या पेशींना तर हा एकच उद्योग. त्या दिवशी मी औषध घातलेली ताटली भिंगाखाली ठेवली, तर धागे मोडलेले, विस्कटलेले, आणि पेशी दोन व्हायच्या वाटेवर तशीच अडकलेली. मी ताटल्या अदलाबदल झाल्या की काय म्हणून पुन्हा तपासल्या. झाल्या नव्हत्या. जंताच्याही अंगात असेच धागे असतात. ते मोडले की त्याला अन्न शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. कुठे पोराच्या पोटातला जंत, कुठे ही पेशी! माझ्या अंगावर काटा आला. आई ज्या गोळ्या पोरांना खाऊसारख्या वाटायची, त्यांच्याच कुळातलं हे औषध होतं.

त्याच वर्षी आईला आतड्याचा कॅन्सर निघाला.

ऑपरेशन नीट झालं, पण केमोनं तिचे हाल केले. थंड पाण्याला बोट लागलं तरी हाताला मुंग्या यायच्या, आवडत्या माशाच्या तिखल्याच्या वासानं ती तोंड फिरवायची. तिसऱ्या केमोला जाणार नाही, असं तिनं जाहीर केलं. त्यात शेजारच्या काकू मोबाईल घेऊन आल्या. "अगं, हा बघ व्हिडिओ. कुत्र्याच्या जंताची गोळी खाऊन माणूस ठणठणीत झालाय म्हणे!"

मला इतका राग आला की मी काकूंना चहासुद्धा विचारला नाही. पण आईनं माझ्याकडे रोखून पाहिलं. घरी ती मालवणीतच बोलते. "तुझ्या कामातली ती गोळी हीच मां?" काय सांगणार? मीच तिला रंगवून रंगवून सांगितलं होतं. "माका बघूक गावात?" तिला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळायला हवं होतं.

मॅडमना विचारून एका शनिवारी मी तिला प्रयोगशाळेत नेलं. आधी औषधाविना वाढलेल्या पेशी दाखवल्या, मग औषधाच्या. एक डोळा मिटून ती कितीतरी वेळ बघत राहिली. बाबा कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, तेच तिला आठवलं असावं. "धागो तुटलो, साचो बंद," ती हळूच म्हणाली आणि तिनं त्या यंत्राला हात जोडले. मला हसू आलं नाही. मीसुद्धा पहिल्या दिवशी मनातून तेच केलं होतं.

मग ती माझ्याकडे वळली. "आता सरळ सांग. केमो सोडून ही खाव काय नको?"

त्या गोळीवर आमच्या घरात सगळ्यात जास्त जीव माझा. हो म्हणायला जीभ शिवशिवत होती. पण ताटलीत पेशी असतात, आईचं लिव्हर नसतं, रक्त नसतं. मी म्हटलं, "नको, आई. हे ताटलीतलं आहे. तुझ्या अंगात काय होईल ते मला माहीत नाही. केमो सोडू नकोस." हे बोलताना मला रडू फुटलं.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. माणसांवर अभ्यास चालू आहेत, पक्कं अजून काही हाती नाही, आणि केमोच्या जोडीला स्वतःच्या मनानं गोळ्या घेतल्या तर लिव्हर बिघडू शकतं. घरी येताना रिक्षात आई एकदम म्हणाली, "म्हणजे मी तापाचा पोर झालंय." घरी आल्यावर तिनं काकूंनी आणून ठेवलेली एक गोळी कागदात बांधली आणि त्या जुन्या स्टीलच्या डब्यात ठेवून दिली. तिसऱ्या केमोला ती गेली. चौथ्यालाही कुरकुरत का होईना गेली, आणि तशीच शेवटपर्यंत.

यंदा गोळ्यांच्या दिवशी नव्या सेविकेनं तिला बोलावलं. पोरं तोंड उघडत नव्हती. डॉक्टर अजून 'बरी' हा शब्द तोंडातून काढत नाहीत, तपासण्या चालूच आहेत. पण एक गोळी खायला हरकत नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं. विरळ केसांवर पदर घेऊन आई ओळीसमोर उभी राहिली. सेविकेनं तिच्या हातावर गोळी ठेवली. ती तोंडात टाकून आईनं कडाकडा चावली.

"आजी, आ करा!" पोरं ओरडली.

आईनं आ केला. तिच्या नियमानं गोळी आजाऱ्याला मिळत नाही, आणि आज तिला मिळाली होती. मी दारात उभी राहून तिच्या रिकाम्या तोंडाकडे बघत राहिले.