मोकळ्या वेळात आमचे हे

युरोपच्या सहलीत नवरा-बायकोची भांडणं होतात ती मोकळ्या वेळात. एरवी छत्री सांगेल तिकडे बघायचं असतं, त्यामुळे भांडायला सवडच मिळत नाही. छत्री म्हणजे आमच्या सहलीचा मॅनेजर. पिवळी छत्री उंच धरून तो पुढे पळायचा आणि आम्ही सगळे त्याच्या मागे. त्याचं खरं नाव कुणी लक्षातच ठेवलं नाही. पण रोज एकदा तो एखाद्या चौकात थांबायचा आणि जाहीर करायचा, आता मोकळा वेळ, बस याच कोपऱ्यावर येईल, उशीर केलात तर मी जबाबदार नाही. की झालं!

लोक त्या वेळाचं सोनं करायचे. आमच्या पुढच्या सीटवर एक मास्तरीणबाई होत्या. त्या नवऱ्याला दंडाला धरून एक संग्रहालय, एक चर्च आणि एखादा मनोरा एवढं सगळं उरकायच्या, घामाघूम होऊन बसपाशी यायच्या आणि वर मलाच विचारायच्या, तुम्ही काय पाहिलंत? काय सांगणार कपाळ! मी नवरा शोधला.

आमच्या ह्यांचं केस कापायचं दुकान आहे. आयुष्यभर हा माणूस उभा राहिला. पायाच्या शिरा दोरीसारख्या फुगल्यात, पण बसा म्हटलं की राग. सुट्टीच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे सगळं जग फिरायला बाहेर पडायचं तेव्हा मी आपली एकटी खिडकीत. लग्नानंतर आम्ही दोघं शेजारी शेजारी निवांत बसलो असलो तर ते डॉक्टरकडे, नंबर येईपर्यंत. म्हणून लेकीने आणि जावयाने या सहलीची तिकिटं हातात ठेवली तेव्हा मी मनात एकच गोष्ट धरली होती. पाण्याकाठी टेबल असावं, दोन कप कॉफी असावी आणि समोर हे असावेत. जरा बोलावं माझ्याशी. बाकी सगळे मनोरे पडले तरी मला चालणार होतं.

पण धंद्याची सवय सुटते थोडीच. आमच्या ह्यांना माणसं चेहऱ्यावरून नाही, मानेवरून ओळखू येतात. पहिल्याच दिवशी छत्रीने आम्हाला एका घोड्यावरच्या राजाच्या पुतळ्यापुढे उभं केलं आणि त्याने कुठल्या कुठल्या लढाया जिंकल्या ते सांगायला लागला. सगळे समोरून बघत होते. हे मागून चक्कर मारून आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, मागची बाजू अर्धवट सोडलीय. मी म्हटलं, अहो, दगड आहे तो. तर म्हणाले, म्हणून काय झालं, वेळ भरपूर होता ना.

त्या दिवशीच्या मोकळ्या वेळात मी वळून बघते तर हे गायब. परदेशात नवरा हरवला तर विचारायचं तरी कुणाला हो! दोन गल्ल्या पालथ्या घातल्या तेव्हा एका न्हाव्याच्या दुकानाच्या काचेपाशी सापडले. हात मागे बांधून, आत बघत उभे. दुसऱ्या गावात तर आत जाऊन बाकावर बसलेले. तिसऱ्या गावातही तेच. बाहेर यायचे ते दुकानातल्या साबणाचा वास घेऊन, पण केस जसेच्या तसे. आणि केस म्हणाल तर पार कॉलरवर आलेले! न्हावी असून डोक्याचं असं रान झालेलं. त्यावर एक टोपी चढवलेली, ती जेवतानाही काढायचे नाहीत.

आता या केसांचं सांगायला हवं. दुकानात खुर्च्या दोन. एक ह्यांची, दुसरी भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची. दोघांच्या डोक्याला तिसऱ्या माणसाचा हात कधी लागला नाही. महिन्यातून एकदा दुकान बंद असलं की शटर अर्धं ओढायचं, एकाने बसायचं, दुसऱ्याने कापायचे, मग उठून जागा बदलायची. लग्नाच्या दिवशीसुद्धा नवरदेवाला भाऊजींनीच तयार केलं होतं. गेल्या थंडीत भाऊजी बसल्या जागी गेले. तेव्हापासून दुसऱ्या खुर्चीवर कापड टाकलंय आणि ह्यांच्या डोक्याला कात्री नाही. गिऱ्हाइकं थट्टा करून थकली, लेक रडली, मी तर हात टेकले. भाऊजींचं नाव काढलं की हे उठून दुसऱ्या खोलीत जायचे. त्यांच्याबद्दल एक शब्द म्हणून बोलले नाहीत माझ्याशी.

चौथ्या गावात तळं होतं. काठाला टेबलं मांडलेली, पाण्यात बदकं, अगदी माझ्या मनातलं चित्र. मी दोन कप घेऊन वळले तर समोरची खुर्ची रिकामी. मग मात्र माझं डोकं फिरलं. दोन्ही कप तसेच हातात घेऊन मी त्यांना शोधून काढलं आणि भर रस्त्यात विचारलं की माझ्यापेक्षा त्या न्हाव्यांची तोंडं बरी दिसतात का तुम्हाला. लोक बघत होते. बघू देत, त्यांना कुठे कळतंय.

ह्यांनी एक कप माझ्या हातातून घेतला.

"केस कापून घ्यायचेत," म्हणाले. "आपल्याकडे कुणाच्या खुर्चीत बसलो, तर धाकट्याला मीच काढून टाकल्यासारखं होईल. इथे मला कुणी ओळखत नाही. पण कुणाचा हात पटला तर ना."

कॉफी गार झाली होती, तरी मी ती प्यायले. दुसरं काय करणार होते? रागावायचं ठरवलेलं असतं आणि समोरचा असं काहीतरी बोलतो.

त्यानंतर आमचा मोकळा वेळ सत्कारणी लागायला लागला. छत्रीने वेळ जाहीर केला की मास्तरीणबाई राजवाड्याकडे आणि आम्ही दोघं न्हाव्याच्या दुकानाकडे. ह्यांच्या अटी तरी किती! एक जण डोकं असं धरत होता, जणू बाजारात कोबी बघतोय. दुसऱ्याचं सगळं लक्ष फोनमध्ये. तिसरा चांगला होता, पण दर दोन मिनिटांनी आरशात स्वतःकडे बघत होता. मलाही हळूहळू कळायला लागलं. एका दुकानाच्या काचेतूनच मी म्हटलं, हा नको, कानाजवळ घाई करतोय. हे माझ्याकडे बघतच राहिले. बायका मुली बघायला जाव्यात तशी मी युरोपात न्हावी बघत हिंडत होते.

शेवटच्या गावातल्या शेवटच्या मोकळ्या वेळात एका अरुंद गल्लीत आम्हाला ते दुकान मिळालं. आत खुर्ची एकच, भिंतीचा रंग उडालेला, आरसा कोपऱ्यात काळा पडलेला. न्हावी ह्यांच्याच वयाचा असेल, कमरेत थोडा वाकलेला. एका लहान मुलीचे केस कापत होता. मुलगी सारखी हलायची आणि हा प्रत्येक वेळी कात्री लांब धरून ती थांबायची वाट बघायचा. रागावला नाही की डोकं दाबलं नाही. मुलगी आईबरोबर गेली आणि आमचे हे सरळ खुर्चीत जाऊन बसले. टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

म्हाताऱ्याने ते रान पाहिलं आणि भुवया उंचावल्या. ओल्या हाताने केस मागे सारले, दोन बोटांनी हनुवटी जरा वर केली आणि सुरुवात केली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी बाकावर बसून आरशात बघत होते. केसांच्या आडून माझा नवरा हळूहळू बाहेर येत होता. आधी कान दिसले, मग मान, मग ती कानाखालची जुनी खूण. किती म्हातारे झालेत हे मला तेव्हा कळलं.

आणि मग घोळ झाला. म्हाताऱ्याने कापड झटकलं आणि पैशांसाठी हात पुढे केला. हे उठले आणि त्या हातात पैसे ठेवायच्या ऐवजी दुसऱ्या हातातला कंगवा काढून घेतला. खुर्ची पुसली आणि म्हाताऱ्याला खुणावलं, बस. सवयच ती, एकाचं झालं की दुसऱ्याने बसायचं! म्हाताऱ्याला वाटलं काम आवडलं नाही. त्याने छोटा आरसा आणून मागची बाजू दाखवली. ह्यांनी मान डोलावली आणि कात्रीही उचलली. आता परक्या माणसाच्या हातात कात्री, पैसे देण्याचं चिन्ह नाही, म्हातारा बिचारा दाराकडे सरकायला लागला. शेवटी मी मधे पडले. आधी पैसे गल्ल्यापाशी ठेवले. मग ह्यांच्या डोक्याकडे बोट, त्याच्या डोक्याकडे बोट, दोन बोटांची कात्री, असा सगळा नाच करून दाखवला. म्हातारा कितीतरी वेळ ह्यांच्या हाताकडे बघत होता. कात्री कशी धरलीय ते बघितलं असावं. मग हसला, चष्मा काढून फळीवर ठेवला आणि स्वतःच्याच खुर्चीत बसला.

पर्समध्ये फोन थरथरायला लागला. छत्री! बस कोपऱ्यावर आली असणार.

मी उठणारच होते, तेवढ्यात हे बोलायला लागले. केस कापताना ह्यांचं तोंड सुटतं हे मी लोकांकडून ऐकून होते, पण दुकानात बसून ऐकायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या म्हाताऱ्याला आमच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि हे त्याला भाऊजींचं सांगत होते. लहानपणी दोघांनी मिळून शेजारच्या बकरीचे केस कापले ते सांगितलं. दुकानाचं शटर उघडलं की अजून हे बाजूला होतात, धाकट्याला आधी आत जाऊ देतात, तेही सांगितलं. म्हातारा मधूनमधून "हं" म्हणत होता, अगदी म्हणायला हवं तिथेच.

"धाकटा हाताचा चांगला," हे म्हणाले, "पण डावी बाजू नेहमी जास्त कापायचा. मी कधी सांगितलं नाही. वाईट वाटलं असतं त्याला."

मी तोंडाला पदर लावला. हसू होतं की रडू, ते माझं मलाच कळेना. इतकी वर्षं मी समजत होते की ह्यांचं डोकंच एका बाजूला कलतं आहे. फोन पुन्हा थरथरला. मी तो बंद केला, बाकावर नीट मागे टेकून बसले आणि म्हटलं, "अहो, सावकाश होऊ द्या. अजून सांगा."