भाऊजींच्या धुतलेल्या लाद्या

दुसऱ्याच्या घरी गेलं की लोक आधी पाणी मागतात. आमचे शंकरभाऊजी दाराच्या पायरीवर अंगठा फिरवत. दगडावर ओरखडा लागला की तिथंच उकिडवे बसत. माझे हे धाकटे दीर गोंदियाच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. मे महिन्यात तिरोड्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही, तेव्हा घाम पुसत मला सांगत, "वयनी, आपल्या या मुलखावर बर्फ पसरून होता."

"मंग गेला कुठं? कुल्फीवाल्यानं नेला का?"

"हसा. माणूस नव्हता तवाची गोष्ट हाय."

सरकत्या बर्फात अडकलेले खडे खालच्या दगडावर ओरखडे काढतात. त्यांवरून बर्फ कुठून आला ते कळतं. चंद्रपूरकडच्या एका नाल्यात खालच्या थरावर ओरखडे एका दिशेचे होते, वरच्या थरावर दुसऱ्याच, आणि मधे साचलेल्या पाण्याचा गाळ. म्हणजे बर्फ आला, वितळला आणि पुन्हा आला, असं भाऊजींचं म्हणणं. त्यांचे मार्गदर्शक म्हणत, एकदाच आला. प्रबंध तिथंच अडलेला. म्हणून भाऊजींनी तीन उन्हाळे खपून दोन्ही थरांच्या लाद्या घरी आणल्या. प्रत्येकीवर निळ्या खडूनं थराचा आकडा आणि उत्तरेचा बाण.

मी तेव्हा नवी नवरी. भांडी, लुगडी, सगळं माहेराहून आणलं होतं. अक्कल तेवढी विसरले. दिवाळीच्या सारवणात त्या लाद्या राखेनं, काथ्यानं घासघासून लख्ख केल्या, अंगणात ओळीनं वाळत घातल्या आणि शाबासकी घ्यायला महाराणी दारात उभी!

भाऊजींनी एकेक लादी उलटीसुलटी करून पाहिली.

"वयनी, कायले धुतल्या?"

"मळल्या होत्या," मी तोऱ्यात म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात ते नाल्यावर गेले. तिथं खाणीतून उपसलेल्या मातीचा ढीग होता, डोंगराएवढा. घरी येऊन बूट काढता काढता म्हणाले, "नालाच नाही राहिला."

एव्हाना मला थोडी समज आली होती; पण थोडीच. म्हटलं, "आठवून काढा ना बाण. कोणाले समजते?"

"मले समजते."

प्रबंध अर्धाच राहिला. पुढं निवृत्तीपर्यंत वर्गात त्यांनी 'बर्फ एकदाच आला' हेच शिकवलं, पुस्तकात होतं तसं. घरी चहाची बशी तोंडाला लावताना मात्र मला हळूच म्हणत, "दोनदा, वयनी." त्या दोन शब्दांवर मी इतकी वर्षं काढली. वाटायचं, माणसाचं सगळंच काही आपण पुसलं नाही.

यंदा उन्हाळ्यात ते दवाखान्यात होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी जवळ बसून विचारलं, "भाऊजी, तो दोनदा आला होता ना?"

ते माझ्याकडे वळले.

"मालूम नाही, वयनी. खूण नाही, तं काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.