कंदील छाप जुडी

शिंदखेड्याच्या बाजारात चुडामण बिड्या वळायचा. आमचं कापडाचं दुकान त्याच्या दुकानाला लागून, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. शिरपूरच्या वरच्या डोंगरातून आलेली पानं भिजत घालायची आणि सकाळपासून मान खाली. त्या माणसाची मान वर झालेली मला फारशी आठवत नाही.

जुडी उघडी, नुसत्या दोऱ्यानं बांधलेली, एका पैशाला. गिऱ्हाईक ती आधी नाकाशी धरी, मग दुकानाबाहेर जळत टांगलेल्या सुंभावर एक बिडी पेटवून बघे. गावातले जुने दर्दी अभिमननाना तर झुरका घेऊन डोळेच मिटायचे. ते काय म्हणतात याकडे चुडामणचा जीव लागलेला असायचा. पैसे कोणाचेही चालत, पण हाताला चव आहे हे त्याला नानांकडूनच ऐकायचं असे.

मग रंगीत कागदातल्या परगावच्या बिड्या आल्या. भाव दुप्पट. माणसं ती जुडी बंडीच्या खिशात अशी ठेवत, की कागद बाहेर दिसावा. चित्र बघून बिडी ओढणारे हे शहाणे! इकडे चुडामणच्या जुड्या सुकून त्यांचा चुरा व्हायला लागला.

"आपलीलेबी कागद गुंडाया, मंग बठ्ठा लोक लेतीन," त्याची बायको तानुबाई म्हणाली.

तो कंटाळूनच धुळ्याला गेला. छापखान्यात कंदिलाचा ठसा आयताच पडलेला होता, म्हणून कंदील छापून आणला. बिडी तीच, दोरा तोच, भाव दोन पैसे. कोणी विचारलं तर सुरतेचा माल म्हणून सांगायचं, कारण गावातल्या चुडामणच्या बिडीला दोन पैसे कोण देणार? कागदामुळे वास घेणं गेलं, सुंभावर पेटवून बघणंही गेलं. जुड्या मात्र हातोहात खपू लागल्या. मला भयंकर राग यायचा. चुडामणला राग येण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

एका बाजारी नाना कंदीलवाली ओढतच दुकानात आले. "चुडामण, तुना हातले आते चव ऱ्हायनी नही. त्या सुरतवालाले इचार, तमाखू कशी भरतस."

चुडामणनं माझ्याकडे पाहिलं. खरं बोलला असता तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं आणि धंदा बसला असता.

"इचारसू, नाना," तो म्हणाला.

पुढच्या थंडीत नाना अंथरुणाला खिळले. चुडामणनं एकेक पान निवडून थोड्या बिड्या वळल्या आणि तशाच, बिनकागदाच्या घेऊन गेला. मीही बरोबर होतो. नानांनी एक झुरका घेतला आणि बिडी बाजूला सारली. "नको, भो. कंदीलवाली दे ना."

चुडामण ओसरीवर आला. खिशातून कंदिलाचा कागद काढून त्यानं उरलेल्या बिड्या त्यात गुंडाळल्या. कागद दोनदा सुटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत जाऊन त्यानं तो कागद नानांच्या समोर फाडला आणि बिडी पेटवून दिली.

नानांनी पोटभर धूर घेतला. चेहरा उजळला.

"देख, येले म्हनतस बिडी. तुले हाई जमनंच नही."

चुडामण त्यांचे पाय चेपत बसला होता.

"नही जमनं, नाना," तो म्हणाला.