अठरा सेकंदांची लाट

माझी शेवटची पोस्टिंग केरळच्या किनाऱ्यावर होती. चार वर्षांच्या नोकरीतलं चौथं वर्ष. पावसाळ्याच्या आधी आमच्या बटालियनने पूर-बचावाची एक तुकडी तिकडे पाठवली. एक सुभेदार साहेब, बावीस जवान, चार असॉल्ट बोटी. मुक्काम सुट्टीमुळे बंद असलेल्या एका शाळेत. शाळेच्या पायरीपासून समुद्र दीडशे पावलं. मी मोजली होती.

आता परभणी जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मला बोलायला बोलावतात. मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात की बॉर्डरवर किती गोळ्या झाडल्या. एकही नाही. आमच्या तुकडीतला एक माणूस गेला, तो गोळीने नाही, पाण्याने. आणि त्या पाण्यापासून धोका नाही असं वायरलेसवर मी सांगितलं होतं. कागदावर वेगळं लिहिलं आहे. ते कागद कपाटात सुखाने राहोत. मी घडलं ते लिहितो.

मी येलदरीचा. वडील धरणात जाळं टाकतात. नाव चालवायला मी चालायच्या आधी शिकलो, असं घरात म्हणतात. त्यामुळे तुकडीत बोटी आणि त्यांची इंजिनं माझ्या ताब्यात आली आणि नावही येलदरीच पडलं. माझा सेक्शन कमांडर होता नायक सुदाम खिल्लारे, मानवत तालुक्यातला. त्याचे वडील सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. फौजेत सीनियरला उस्ताद म्हणतात, म्हणून आम्ही त्याला खिल्लारे उस्ताद म्हणायचो. रजेवरून येताना तो ट्रंकेत ज्वारीचं पीठ आणायचा. लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, रविवारी स्वतः भाकरी थापायचा आणि माशाच्या वासाने नाकाला रुमाल बांधून बसायचा.

"ए येलदरी, ह्या समुद्राला काय कामधंदा हाय का न्हाई रे? सारखं येतंय काय, जातंय काय."

"ड्यूटी करायलाय, उस्ताद."

"मंग त्याला एक दिस सुट्टी दे म्हनावं. झोपू देईना."

दिवस ठरलेला होता. ०५३० ला पीटी. ०७०० ला मी टाईड टेबलमधून त्या दिवसाच्या भरतीची वेळ आणि उंची शाळेच्या फळ्यावर लिहायचो. ०८०० ते ११०० बोटींचा सराव. दुपारी इंजिनांची देखभाल. संध्याकाळी व्हॉलीबॉल. खरं सांगतो, नोकरीतले ते सर्वांत चांगले दिवस होते. खायला भरपूर, काम आवडीचं, बाजूला कोळ्यांची वस्ती. वस्तीतले अँथनी चेट्टन रोज बोटींपाशी यायचे. चेट्टन म्हणजे थोरला भाऊ. वय सत्तरीचं, हिंदी तुटकं. माझ्या हातचा चहा त्यांना पसंत नव्हता, तरी रोज प्यायचे.

किनाऱ्यावर चुन्याने रंगवलेल्या दगडांची एक रांग होती. आधीच्या कुठल्यातरी वर्षी आलेल्या तुकडीने ती मांडली होती. भरतीचं पाणी या रांगेच्या वर येत नाही, असं आम्हाला चार्ज देताना सांगितलं गेलं. आमच्या बोटी रांगेच्या वर, दहा पावलांवर.

त्यात मी माझी भर घातली. येलदरीला पाण्याच्या काठावर खुंटी ठोकायची पद्धत आहे. तासाभराने बघायचं. खुंटी पाण्यात गेली तर धरण चढतंय, सामान वर न्यायचं. खुंटी कोरड्यात राहिली तर पाणी उतरतंय, खुशाल जेवा. मी समुद्रालाही खुंटी ठोकली. तीन आठवडे माझा अंदाज आणि फळ्यावरची वेळ तंतोतंत जुळली. सुभेदार साहेब खूश झाले. दुपारच्या रिपोर्टमध्ये 'खुंटी कोरडी' असं लिहायला लागले. साताऱ्याकडचे, तीस वर्षं नोकरी झालेले साहेब माझ्या खुंटीवर सही करायचे. माझी छाती फुगली होती. तलावावर शिकलेला माणूस समुद्राला अक्कल शिकवायला निघाला होता.

त्या दिवशी ०९३० ला किनाऱ्यासाठीचा इशारा आला. इंग्रजीत. साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं.

"येलदरी, हे बघ. स्वेल वेव्ह, पिरियड अठरा सेकंद. वारा मंद लिहिलाय. काय समजायचं?"

मी दारातून समुद्र पाहिला. आकाश निळं, झाडाचं पान हलत नव्हतं. अठरा सेकंद म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला अठरा सेकंद. रोज आठ-नऊ सेकंदांनी येते. मी म्हणालो, "साहेब, लाट सुस्त झालीय. दम नाही तिच्यात."

साहेबांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "तरी बोटी शाळेच्या मैदानात घ्या. जेवणानंतर. १५०० पर्यंत."

१४०५ ला अँथनी चेट्टन आले. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "बोट ऊपर. अभी. कळ्ळक्कडल."

मी विचारलं, "क्या, चेट्टन?"

"चोर समुद्र. हवा नहीं, बारिश नहीं, चुप आता है."

मी हसलो. हे लिहायला मला लाज वाटते, पण हसलो. म्हणालो, "चेट्टन, चोर आएगा तो मेरा खुंटी पकड़ेगा."

ते हसले नाहीत. वस्तीकडे निघून गेले.

१४२० ला समुद्र मागे सरकला. साधी ओहोटी नव्हे, पाणी तीस-चाळीस पावलं आत गेलं. ओली वाळू उघडी पडली, शिंपल्या चमकायला लागल्या. माझी खुंटी लांब कोरड्यात उभी. धरणात असं पाणी उतरलं की घरोघरी जीव भांड्यात पडतो. मी सेट उचलला.

"अल्फा, अल्फा, चार्ली. पाणी उतरतंय. खुंटी कोरडी. घाई नाही. ओव्हर."

साहेबांचा आवाज आला. "चार्ली, अल्फा. रॉजर. मग आधी इंजिनं उतरवा, बोटी निवांत हलवा. आउट."

खिल्लारे दोघांना घेऊन खाली गेला. बोटींची इंजिनं खोलायला. मी आणखी एक पाना आणायला स्टोअरमध्ये वळलो. तेवढ्यात वस्तीतल्या बायका टोपल्या घेऊन उघड्या वाळूवर उतरल्या. अशा शिंपल्या रोज मिळत नाहीत. आणि फौजी निवांत काम करतायत म्हटल्यावर घाबरायचं कारण काय? आम्हाला बघून त्या उतरल्या. हेही कागदावर नाही.

वस्तीच्या कडेला अँथनी चेट्टन दोन्ही हात वर करून ओरडत होते. मला भाषा कळली नाही. खिल्लारेलाही कळली नसणार. पण त्याने त्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला आणि पाना खाली टाकला. माझ्या अंदाजापेक्षा त्याने त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला. शिट्टी वाजवत तो वाळूवर धावला. दोन जवानांना ओरडला, "बोट सोडा! बायकांना वर काढा! चला, चला, चला!"

मी स्टोअरच्या दारातून पाहिलं. भिंतीसारखी लाट वगैरे काही आली नाही. पाणी नुसतं परत आलं आणि नेहमीच्या जागी थांबलं नाही. चुन्याचे दगड गेले. बोटींच्या खाली पाणी शिरलं. ते ओसरण्याआधीच मागून दुसरं आलं. अठरा सेकंद. सुस्त म्हणालो होतो ना मी? त्या अठरा सेकंदांत अख्खा समुद्र एकेका लाटेत भरून येत होता.

बायका वर आल्या. शेवटची एक पडली होती. खिल्लारेने तिला खांद्याला धरून पुढे ढकललं. दोन जवानांनी तिला ओढून घेतलं. त्याच पाण्याने आमची दोन नंबरची बोट उचलली आणि वस्तीपुढच्या संरक्षक भिंतीच्या दगडांवर आणून आपटली. मध्ये खिल्लारे होता. वेळ १४३१.

मी आणि इतर पाच जणांनी बोट उलटवून त्याला काढलं. श्वास होता. बोलला नाही. १४५० ला गाडी निघाली. १५४० ला डॉक्टरांनी सांगितलं.

चौकशी झाली. मी सरळ सांगितलं, मेसेज माझा होता. अहवालात कारण आलं, 'प्रतिकूल हवामान'. मी साहेबांसमोर उभा राहिलो.

"साहेब, हवामान कुठे प्रतिकूल होतं? ऊन पडलं होतं. माझा मेसेज लिहा."

साहेब म्हणाले, "तुझा मेसेज लिहिला तर माझी ऑर्डरपण लिहायला लागेल."

"मग?"

"मग काय. दोन्ही लिहितो." त्यांनी स्वतःच्या हाताने वेगळं निवेदन लिहून वर पाठवलं. छापील अहवालात ते आलं नाही. पण त्यांनी लिहिलं. अशा माणसाला माझा सलाम आहे.

पुढे किनाऱ्यावरच्या एका वेधशाळेतल्या बाईंनी मला समजावलं. मी त्यांच्या दारात जाऊन बसलो होतो, उठत नव्हतो, म्हणून. त्यांनी सांगितलं ते असं. ती लाट केरळात जन्मली नव्हती. दूर दक्षिणेला, बर्फाच्या बाजूला, कित्येक दिवस आधी वादळ झालं होतं. तिथून निघालेली लाट जितकी लांबून येते तितकी तिच्यातली छोटी लाट गळून जाते आणि मोठ्या अंतराची तेवढी उरते. दोन लाटांमधला वेळ जास्त म्हणजे ताकद जास्त. मी बरोबर उलटं समजलो होतो.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागली. समुद्राची पातळी दरवर्षी सारखी नसते. कुठल्या वर्षी वारे पाणी एका किनाऱ्याकडे लोटतात, कुठल्या वर्षी दुसऱ्या. समुद्र तापला की पाणी फुगतं. त्या वर्षी समुद्र तापलेला होता. टाईड टेबलला फक्त चंद्र-सूर्य कळतात. या वर्षीचा वारा आणि या वर्षीची उष्णता त्यात नसते. त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरकच कमरेएवढा. तिथे पाणी एक वीतभर आधीच वर असेल तर चुन्याची रांग म्हणजे नुसती रांगोळी.

मला राग कशाचा आहे ते स्पष्ट सांगतो. इशारा वेळेवर आला होता. पाच तास आधी. 'पिरियड अठरा सेकंद' हे आम्हाला पाठवणाऱ्याने 'पाणी आधी मागे जाईल, फसू नका, किनारा सोडा' एवढं लिहिलं असतं तर? शाई महाग आहे का? ज्याचा जीव जाणार त्याला कळेल अशा भाषेत इशारा देणं हे उपकार नाहीत, ड्यूटी आहे. मी याचं पत्रक छापलंय. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. सेलूच्या स्टँडवर वाटतो, मानवतच्या बाजारात वाटतो. लोक म्हणतात, "आरं बाबा, आपल्या परभणीत कुठंय समुद्र?" मी विचारतो, तुमच्या गावची सहल कोकणात जात नाही का? तुमची पोरं बंदरावर, जहाजावर, फौजेत नाहीत का? खिल्लारे मानवत तालुक्यातलाच होता. त्यावर लोक पत्रक घडी करून खिशात ठेवतात. कामात मजा आहे. मी समाधानी आहे.

नोकरी संपल्यावर चौथ्या दिवशी मी खिल्लारेच्या घरी गेलो. अंगणात त्याची आई तूर निवडत बसली होती. गाव तिला मथुराकाकू म्हणतं. मी उभ्यानेच सांगून टाकलं.

"काकू, पानी उतरलंय म्हनून मी सांगितलं. त्याच्यामुळं उस्ताद खाली गेले. कागदावर न्हाई ते. पन तसंच झालं."

तिचा हात सुपात थांबला. मला वाटलं, उठून जा म्हणेल. तसं म्हणायचा तिला हक्क होता.

मग तिने विचारलं, "बाया किती व्हत्या?"

"अकरा."

"समद्या वाचल्या?"

"समद्या."

"नावं काय त्यांची?"

मला एकही नाव येत नव्हतं.

"बस की खाली," ती म्हणाली. "आन् ती नावं आन मला. माझा सुदाम कुनासाठी गेला ते मला ठावं नको?"

मी तिथूनच अँथनी चेट्टनना फोन लावला. त्यांनी वस्तीत फिरून नावं गोळा केली. दुसऱ्या दिवशी एकेक सांगितलं, मी देवनागरीत लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात काकूला नेऊन दिलं. तिला वाचता येत नाही. तिने माझ्याकडून म्हणवून घेतलं, तीनदा, चारदा, पाठ होईपर्यंत.

दरवर्षी त्या तारखेला गावच्या शाळेत झेंड्याजवळ कार्यक्रम होतो. सरपंच बोलतात, मी पाणी आणि लाटांबद्दल बोलतो. शेवटी मथुराकाकू उठते. तिला भाषण येत नाही. पदर डोक्यावर सारखा करून ती आपल्या बोलीत नावं घेते. मेरी. लिशी. शांता. रोजम्मा. अकराच्या अकरा, एकही चुकत नाही.

अकरावं नाव झालं की सगळ्यांच्या शेवटी ती त्याच आवाजात म्हणते, "आन् सुदाम."