आबांवर राज्य आलं तेव्हा

आमचे आबा फार मोठ्यानं बोलायचे. कबनूरला आमच्या गल्लीतले सगळेच बाप मोठ्यानं बोलायचे, त्यामुळे त्यात काही वेगळं असेल असं मला लहानपणी वाटलंच नाही. मलकापूरकडचं डोंगरातलं रान भावाकडं सोडून आबा इथं यंत्रमागावर कामाला आले होते. उमेदीची सगळी वर्षं त्या खडखडाटात गेली. आत माणूस माणसाच्या कानाशी ओरडला तरी ऐकू यायचं नाही, म्हणून कामगार हातवाऱ्यांनीच बोलायचे. आबांचे कान हळूहळू गेले. घरात कुणालाच ते नीट उमगलं नव्हतं. आबांनीही कधी सांगितलं नाही.

ते कळलं टीव्हीमुळं. कोल्हापूर भागात टीव्ही नुकताच आला होता. आमच्या गल्लीत तो पहिल्यांदा किराणा दुकानदाराच्या घरी आला. रविवारी संध्याकाळी सिनेमा असायचा. त्यांच्या सोप्यात पोती अंथरलेली असत. बायका एका बाजूला, पोरं पुढं, आणि आबांना मानानं खुर्ची. त्या रविवारी विनोदी सिनेमा होता. सगळा सोपा हसून लोळत होता. मी मधेच मागं वळून पाहिलं तर आबाही हसत होते, पण पडद्याकडं बघून नाही. ते शेजारच्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि सगळे हसले की मग हसत होते. माझ्यासारखंच आईनंही ते पाहिलं. तिचा हसरा चेहरा उतरत गेलेला मला आठवतो.

घरी येताना धाकट्या भावानं विचारलं, "आबा, तो टोपीवाला शेवटी का रडला वं?"

आबा पुढंच चालत राहिले. भावानं सदरा ओढून पुन्हा विचारलं, तेव्हा थांबले आणि म्हणाले, "मला काय ऐकू आलं न्हाय, बाळा. मी नुसती चित्रं बघितली."

पुढच्या रविवारी ऊन उतरायच्या आत आईनं भाकरी करून ठेवल्या, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि सांगितलं, "आज टीव्ही न्हाय. समद्यांनी माळावर खेळायला जायाचं."

आक्का, माझी थोरली बहीण, तेव्हा दहावीत होती. ती फुरंगटून बसली. "लोकं काय म्हणतील? बाईमाणूस कुठं माळावर खेळतंय व्हय?"

"म्हणू देत की," आई म्हणाली. "ऊठ."

गल्लीच्या मागच्या माळावर सुगीत मळणीसाठी चोपून टणक केलेली मोकळी जागा होती. तिथं आम्ही आंधळी कोशिंबीर मांडली. पहिलं राज्य आबांवरच आलं. आईनं त्यांचाच टॉवेल त्यांच्या डोळ्यांवर बांधला. आम्ही भोवती टाळ्या वाजवायला लागलो. आबा भलतीकडंच वळले. आम्ही खिदळलो, जोरात टाळ्या पिटल्या, हाका मारल्या. आबा दोन्ही हात पसरून मधोमध उभे होते आणि त्यांना काहीच समजत नव्हतं. मग आमच्या टाळ्या आपोआप थांबल्या. भाऊ रडवेला झाला. आक्कानं मान खाली घातली.

आई पुढं झाली आणि तिनं आबांच्या अगदी जवळ जमिनीवर जोरात पाय आपटला. धप्प! आबा चटकन तिकडं वळले.

"पाय आपटा रं!" आई आमच्यावर ओरडली. "टाळ्या काय पिटताय नुसत्या!"

मागाच्या दणक्यात वर्षानुवर्षं उभे राहिलेले त्यांचे पाय. कुठला माग बिघडलाय ते मला तळव्यातनं कळतंय, असं ते नंतर आम्हाला सांगायचे. त्या दिवशी आम्ही जवळ जाऊन पाय आपटायचो आणि पळायचो. आबा झेप घ्यायचे, हुकायचे, हसायचे. ते हसणं आधी आमच्या घरानं ऐकलं नव्हतं. शेवटी त्यांच्या हाताला आईचं मनगट लागलं. टॉवेल न काढताच ते म्हणाले, "ही तुमची आई. हिनं भाकरी थापलीया, पीठ लागलंय हाताला."

सगळ्यात मोठ्यानं हसली ती आक्का.

त्यानंतर आमचे रविवार माळावर जाऊ लागले. लगोरी असली की आबा गडी लांब उभे करायचे आणि कारखान्यातले हातवारे आम्हाला शिकवायचे. दोन बोटं फिरवली की मागून पळ, मूठ मिटली की थांब, तळहात खाली केला की वाक. आक्का त्यात इतकी तरबेज झाली, की घरातही ती आबांशी हातानंच बोलू लागली. लंगडीत मात्र आईला कुणी हरवू शकलं नाही. गल्लीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावून बघायच्या. मग एक आली, मग तिची जाऊ आली. दुकानदाराची पोरंसुद्धा सिनेमा सोडून यायला लागली, आणि एकदा दुकानदार स्वतः आले. म्हणाले, "घरी टीव्हीम्होरं कोणच न्हाय वं, मी एकटा काय बघू?"

आक्काचं लग्न होईपर्यंत हे चाललं. पुढं आबांना काहीच ऐकू येईनासं झालं. अशी माणसं घरात असूनही एकटी पडलेली मी पुष्कळ पाहिली आहेत. आमचे आबा कधी पडले नाहीत. जेवताना, पाहुणे आले असताना, भांडताना आमचे हात चालूच असायचे आणि आबा सगळ्यात सामील असायचे. कुणाची थट्टा करायची असली की त्यांची बोटं आमच्या आधी हलायची.

हे सारं आईमुळं झालं असं मला वाटत आलं. आबा गेल्यावर एकदा तिचे पाय चेपताना मी तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, "त्या दिवशी आबांसाठी तू किती इचार केलास!"

आईनं पाय आखडून घेतले. मग म्हणाली, "त्यांच्यासाठी केलं, व्हय की. पर खरं सांगू? लगीन झाल्यापास्नं मी पळालेच नव्हते. मलाबी पळायचं हुतं."