नानांची मिशी

आधी घोटभर चहा घशाखाली उतरू द्या, मगच सांगतो. नाहीतर ठसका तुम्हाला लागायचा आणि नाव माझं व्हायचं! जावयानं सासरी शोभा करून घ्यावी, पण किती? मी तर ती व्हिडिओ कॅसेटवर कायमची करून ठेवलीय!

माझे सासरे, नाना, शिरपूरचे. कापसाची शेती. पण तरुणपणी घरातून पळून मुंबईला गेलेले आणि एका सिनेमा कंपनीत राहिलेले. त्याबद्दल फारसं बोलत नसत. एकदा सासूबाईंनी पत्र्याची पेटी उपसली, तर तळाशी घडी घातलेलं एक पोस्टर निघालं. काय त्याची दशा! कडा कसरीनं खाल्लेल्या, घड्यांवर चिरलेलं, उचललं की पापडासारखं तुटायचं. मधोमध मात्र घोड्यावर फेटेवाला गडी, तलवार उगारलेली, मिशी काळीभोर!

"नाना, यात तुम्ही आहात?"

"आहे ना," नाना म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

बस्स! मला तेवढं पुरे. आमचे नाना हिरो होते! त्यांच्या पंचाहत्तरीला हे पोस्टर दुरुस्त करून भेट द्यायचं ठरवलं आणि गुपचूप जळगावला आणलं. गुपचूप म्हणजे कसं? नाना सोडून अख्ख्या खानदेशाला सांगितलं!

जळगावात शैलाअक्का होत्या. जुने नकाशे, सिनेमाची पोस्टरं दुरुस्त करणं हाच त्यांचा व्यवसाय. मुंबईहूनसुद्धा कामं यायची. त्यांनी पोस्टर सरळ पाण्याच्या ट्रेमध्ये सोडलं. मी किंचाळलोच, "अहो अक्का, बुडालं!"

"बुडालं नाही, आंघोळ करतंय. रंग आधी कापसाच्या बोळ्यानं तपासलाय मी. तुम्ही जरा लांब बसा."

बसलो. आणि काय सांगू, बघतच राहिलो! पाणी चहासारखं होत गेलं आणि कागद उजळत गेला. पोस्टराबरोबर आलेला पेटीतला चुरा मी फेकायला निघालो होतो. तो अक्कांनी मागून घेतला. चिमट्यानं कण न् कण जुळवून कडा उभी केली. मागून पातळ जपानी कागद, गव्हाच्या खळीनं चिकटवलेला. जिथं कागदच उरला नव्हता, तिथं तशाच रंगाची ठिगळं. नाक टेकवून बघितलं तरी सांधा दिसेना! ऑफिस सुटलं की मी घरी जायच्या आधी तिकडे. बायको म्हणायची, "तिथंच अंथरूण टाका."

आणि एके दिवशी गेलो तर मिशी गायब!

"अक्का! नानांची मिशी पुसलीत तुम्ही!"

"मिशी नव्हती ती. घडी बरोबर ओठांवरून गेली होती, तिच्यात मळ साचला होता."

"मग परत काढा!"

"छापलेलं नाही ते मी काढत नसते. आणि तुम्ही कागदाला बोट लावलंत ना, तर याद राखा."

आता आली का पंचाईत? बिनमिशीचे नाना दिसत होते देखणे, पण जरा नाजूकच. पाहुणे काय म्हणतील? मग माझं डोकं चाललं! कागदाला बोट लावायचं नाही ना? नाहीच लावलं. फ्रेम होऊन आली तशी बायकोच्या डबीतलं काजळ घेतलं आणि वरून काचेवर झोकदार मिशी काढली. आहे की नाही अक्कल?

शिरपूर. भर मे महिना. मांडवात माणूस मावेना. शैलाअक्कांना मी मानानं पहिल्या रांगेत बसवलेलं. पडदा ओढला आणि ओरडलो, "हे बघा आमचे नाना!"

टाळ्या! शिट्ट्या! व्हिडिओवाल्यानं आपला तो भट्टीसारखा दिवा धरला थेट काचेवर. शिरपूरचं ऊन, वर तो दिवा. काजळाचं काय होणार? मिशी आधी लोंबली. मग ओघळली. मागून कोणीतरी ओरडलं, "आरे, नानांना दाढी येतेय!"

नाना उठले. उपरण्याच्या टोकानं काच स्वच्छ पुसली. आणि हात जोडले!

"आरे, ह्या तं आमन्या बाईसाहेब! ह्यास्ले मिशी कोनी लावी?"

हिरॉईन होती हो ती! फेटा बांधून घोडा उधळणारी त्या सिनेमाची नायिका!

"मग नाना... तुम्ही कुठं?" माझा आवाज मलाच ऐकू येईना.

नानांनी बोट टेकवलं पार कडेला. तिथं घोड्याचा लगाम धरलेला एक हात होता. फक्त हात. "हाऊ हात मना शे." फोटोच्या वेळी घोडा नानांनी धरला होता, त्या फोटोवरून पोस्टर काढताना चित्रकारानं बाकीचे नाना कापले, हात ठेवला. आणि ती कडा म्हणजे अक्कांनी चुऱ्यातून जुळवलेली! नाना कितीतरी वेळ काचेवरून बोट फिरवत राहिले. मग अक्कांकडे वळून म्हणाले, "ताई, मना हात परत उना!" अक्कांनी डोळ्यांना पदर लावला.

मला वाटलं, चला, सुटलो. हळूच मांडवाच्या मागे सरकायला लागलो. तेवढ्यात नानांनी माझा दंड धरला, तोंड जवळ आणलं आणि माझी मिशी निरखून बघितली.

"जवाईबापू, तुमनी तरी खरी शे ना?"

"थांबा नाना, तपासून सांगते," असं म्हणत शैलाअक्कांनी, देवाशप्पथ, पर्समधून कापसाचा बोळा काढला!